अठ्ठ्याहत्तर दारे, सदतीस घरे



लालबागहून आलेले एक पत्र गेले पाच आठवडे माझ्या टेबलावर आहे. लिहिणाऱ्या बाईंची परवानगी घेऊन, आणि ओळख पटेल असा तपशील वगळून, त्यातला काही भाग आज तुमच्यापुढे ठेवते. बाईंचे वय ५७. धाकटी लेक नोकरीसाठी बेंगळुरूला गेली आणि तिची गिटार कपाटावर राहिली. धूळ पुसताना एक दिवस तारेला हात लागला, ती वाजली, आणि बाईंना शिकावेसे वाटले. शेजारच्या इमारतीत एक तरुण शिकवतो. त्याच्याकडे सहा महिने जाणे झाले. चार गाणी बसली. ती कशी बसली, हे त्यांच्याच शब्दांत वाचा : ‘वहीत आकडे लिहिलेले आहेत. दुसरी तार, पहिला पडदा; तिसरी तार, दुसरा पडदा. आकडे पाहून हात चालतो. परवा सरांनी विचारले, हा कोणता स्वर वाजवलात? मला सांगता आले नाही. त्यांनी पुन्हा सांगितले, मी पुन्हा विसरले. सहा महिन्यांत एका पडद्याचेही नाव माझ्या डोक्यात राहिलेले नाही.’

पत्र इथेच संपले असते तर ते मी एखाद्या संगीतशिक्षकाकडे पाठवून दिले असते. पण शेवटी तीन ओळी होत्या. आईला स्मृतिभ्रंश होता. अखेरची चार वर्षे तिने लेकीला ओळखले नाही. ‘मलाही ते सुरू झाले आहे का, एवढेच सांगा. घरात कुणाला विचारलेले नाही.’

अशा प्रश्नाला पाक्षिकाच्या पानाची वाट पाहायला लावू नये, म्हणून त्यांना मी त्याच आठवड्यात उत्तर धाडले. मात्र हा प्रश्न त्यांच्या एकट्यांचा नाही. पन्नाशी उलटल्यावर नवे काही शिकू पाहणारी, आणि ते जमेना की ‘आता डोके चालत नाही’ असे म्हणून वही मिटून ठेवणारी माणसे प्रत्येक घरात आहेत. तेव्हा ते उत्तर थोडे विस्ताराने इथे मांडते.

पहिली गोष्ट अशी, की विसरणे आणि मुळात न शिकणे या दोन वेगळ्या अवस्था आहेत, आणि आतून पाहणाऱ्याला त्या सारख्याच दिसतात. वहीतल्या आकड्यांवरून जो हात चालतो, त्याला स्वराच्या नावाची गरजच पडत नाही. चाळीतल्या पोस्टमनला खोलीचा क्रमांक पुरतो; आत कोण राहते हे त्याला सांगता आले नाही, तर तो विसरला असे आपण म्हणत नाही. सरांनी नाव सांगितले, बाईंनी ऐकले, आणि पुढच्याच क्षणी पुन्हा आकड्यांवर हात गेला. नाव एकदाही कामाला आले नाही. जे कामाला येत नाही ते मेंदू ठेवून घेत नाही, आणि हे विशीतल्या मेंदूलाही लागू आहे.

काळजीचे विसरणे वेगळे असते. तोच प्रश्न तासाभरात पुन्हा विचारणे आणि आधी विचारला होता याची आठवणही नसणे. रोजच्या रस्त्यावर चुकणे. वर्षानुवर्षे हातात बसलेल्या पदार्थाची कृती मध्येच तुटणे. पैशांच्या साध्या हिशेबात गोंधळ उडणे. अशी त्याची लक्षणे आहेत. बहुधा ती त्या माणसाच्या आधी घरच्यांच्या ध्यानात येतात. म्हणून मी बाईंना प्रथम हेच विचारले, की काळजी तुम्हाला वाटते की तुमच्याकडे पाहणाऱ्यांना? त्यांचे उत्तर असे, की त्या चौदाजणींची भिशी सांभाळतात, हिशेब तोंडी ठेवतात, आणि आजवर एका रुपयाची चूक झालेली नाही. हे वाचून मी निम्मी निश्चिंत झाले. निम्मीच, कारण आईला उतारवयात हा आजार झाला असेल तर मुलांचा धोका थोडा वाढतो. थोडाच, तो विधिलिखित होत नाही. शिवाय विस्मरणामागे पुष्कळदा थायरॉइड, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, कमी झालेले ऐकू येणे, अपुरी झोप किंवा मनाला आलेली उदासी असते, आणि या साऱ्यांवर उपाय आहेत. लालबागच्या माणसाला परळचे केईएम रुग्णालय चालत जाण्याच्या अंतरावर. तिथे मेंदूविकारांचाही विभाग आहे आणि मनोविकारांचाही. एकदा जाऊन या, आणि जाताना घरातल्या एकाला बरोबर न्या, असे मी लिहिले. ‘बरोबर न्या’ हा त्या पत्रातला सर्वांत अवघड सल्ला होता, हे मला ठाऊक आहे.

आता गिटारकडे वळू.

उत्तर लिहिण्यापूर्वी शेजारच्या मुलाची गिटार मागून आणली आणि मांडीवर घेऊन मोजदाद केली. तारा सहा. प्रत्येक तारेवर मोकळा स्वर एक आणि पहिल्या बारा पडद्यांचे बारा. एकूण जागा ७८. त्या जागांवर निरनिराळे स्वर किती? सर्वांत जाड तारेच्या मोकळ्या स्वरापासून सर्वांत बारीक तारेच्या बाराव्या पडद्यापर्यंत बरोबर तीन सप्तके भरतात, म्हणजे ३७ स्वर. तीन सप्तकांच्या पेटीवर पट्ट्याही ३७ च असतात. पेटीवर प्रत्येक स्वराला स्वतःची एक पट्टी, एक जागा. ती दिसते, आणि काळ्या-पांढऱ्या रंगांमुळे दुरूनही ओळखू येते. गिटारवर मात्र ३७ घरांना ७८ दारे. दहा स्वरांना एकच दार, तेरांना दोन, आणि चौदांना तीन तीन. त्यातून रंग एकच. सगळे पडदे सारखे, सगळ्या खोल्या सारख्या. बाईंना जे अवघड वाटले ते अवघडच आहे. त्यासाठी आजाराचे कारण शोधण्याची गरज नाही.

दुसरी अडचण नावांची. बाईंनी लहानपणी गिरगावात पेटी शिकून गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या मध्यमा प्रथमपर्यंतच्या परीक्षा दिल्या होत्या. गिरगाव हे या शिक्षणाचे जुने ठिकाण. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला काढलेले गांधर्व महाविद्यालय १९०८ साली मुंबईत आले. त्यांचे शिष्य बा. र. देवधर यांनी १९२५ साली आपले संगीतविद्यालय काढले, आणि कुमार गंधर्व लहान वयात त्यांच्यापाशीच शिकायला आले. या परंपरेत ‘सा’ चालता आहे. गाणारा जिथे बसतो तिथे त्याचा षड्ज. गिटारचे सर मात्र सी, डी, ई ही न हलणारी नावे सांगतात, आणि सोपे व्हावे म्हणून ‘सी म्हणजे सा’ असे जोडून देतात. बाईंचा गळा काळी चारचा. ५० वर्षे ज्यांच्या कानात काळी चारचा षड्ज आहे, त्यांना पांढरी एकला सा म्हणायला सांगणे म्हणजे सासरी गेलेल्या मुलीला पुन्हा नव्या नावाने हाक मारण्यासारखे. वहीतले आकडे, सरांची अक्षरे आणि कानातली सरगम अशा तीन भाषा एकाच वेळी. त्यातली एकही दुसरीला आधार देत नाही.

खरे तर न हलणारी नावे आपल्याकडेही आहेत, आणि ती बाईंना पाठ आहेत. पांढरी एक, काळी एक, पांढरी दोन. पेटीने मराठी घरांना ही भाषा दिली. नाटकमंडळ्यांतले नट, कीर्तनकार, भजनी मंडळातल्या बायका, सारे आपली उंची याच भाषेत सांगतात. ‘बाईंचा सूर काळी पाच’ असे म्हटले की तबलजी हातोडी उचलतो. पांढरी एक म्हणजे सी. पांढरी दोन डी, पांढरी तीन ई, चार एफ, पाच जी, सहा ए, सात बी. काळ्या पाच पट्ट्या यांच्या अधल्यामधल्या. तीन आणि चार यांच्यामध्ये काळी नाही, तसेच सात आणि पुढची एक यांच्यामध्येही नाही. हे ज्याच्या बोटांना माहीत आहे त्याने गिटारचा अर्धा नकाशा आधीच शिकलेला आहे, कारण गिटारवर एक पडदा पुढे जाणे म्हणजे पेटीवर शेजारच्या पट्टीवर जाणे, मग ती काळी असो वा पांढरी.

सहा मोकळ्या तारांची नावे जाड तारेपासून या भाषेत अशी : पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच, पांढरी सात आणि पुन्हा पांढरी तीन. तीन-सहा-दोन-पाच-सात-तीन. हे सहा आकडे फोन नंबरासारखे पाठ करावेत. पहिल्या आठवड्यात दुसरे काही नको.

आता जाड तार घ्या, म्हणजे सहावी. गिटारवाले तारा बारीक बाजूकडून मोजतात. या एका तारेवरचे स्वर पाठ करायला मी बाईंना एक युक्ती सुचवली, आणि ती मुंबईकरालाच सुचवता येईल अशी आहे. मोकळी तार म्हणजे चर्चगेट. पहिला पडदा मरीन लाइन्स, दुसरा चर्नी रोड, तिसरा ग्रँट रोड, चौथा मुंबई सेंट्रल, पाचवा महालक्ष्मी, सहावा लोअर परळ, सातवा प्रभादेवी, २०१८ पर्यंत ज्याला आपण एल्फिन्स्टन रोड म्हणत होतो ते. आठवा दादर. पुढे माटुंगा रोड, माहीम, वांद्रे, आणि बाराव्यावर खार रोड. चर्चगेटला पांढरी तीन. लगेच मरीन लाइन्सला पांढरी चार, कारण मध्ये काळी नाही. चर्नी रोड काळी तीन, ग्रँट रोड पांढरी पाच, मुंबई सेंट्रल काळी चार, महालक्ष्मी पांढरी सहा, लोअर परळ काळी पाच, प्रभादेवी पांढरी सात. आणि दादरला पांढरी एक, पुन्हा मध्ये काळी न येता. प्रभादेवी आणि दादर किती लगटून आहेत हे ज्याने एकदा चालून पाहिले आहे तो ही जोडी विसरणार नाही. तिथून पुढे काळी एक, पांढरी दोन, काळी दोन, आणि खार रोडला पहिल्या चर्चगेटचाच स्वर, एक सप्तक वर.

दृष्टान्त लंगडा आहे. स्टेशनांची अंतरे हवी तशी कमीजास्त आहेत; पडद्यांची अंतरे मात्र वर जावे तशी ठरलेल्या प्रमाणात घटत जातात. तरी युक्ती उपयोगी पडते, कारण रोजचा प्रवासी चर्चगेटपासून मोजत बसत नाही. महालक्ष्मी म्हटले की त्याला रेसकोर्स दिसते आणि पुढचे स्टेशन आपोआप जिभेवर येते. आपल्याला नेमके हेच हवे आहे : मोजून पोचणे नको, ओळखून उतरणे हवे.

आणि दादर! दादर पश्चिम रेल्वेवरही आहे आणि मध्य रेल्वेवरही. चर्चगेटहून ते आठवे, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून सातवे. रूळ निराळे, आकडे निराळे, गाव एकच. गिटारवरही असेच आहे. सहाव्या तारेच्या आठव्या पडद्यावरची पांढरी एक आणि पाचव्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावरची पांढरी एक या दोन वेगळ्या जागा. स्वर मात्र तंतोतंत तोच. जाड तारेवर तो थोडा घोगरा वाटेल, एवढाच फरक. एका रुळावरून दुसऱ्या रुळावर जाण्याचा पूल कुठे आहे, हे एकदा कळले की प्रत्येक तार नव्याने पाठ करावी लागत नाही. तो पूल पाचव्या पडद्याशी आहे. कोणत्याही तारेचा पाचवा पडदा म्हणजे पुढच्या तारेचा मोकळा स्वर. आपल्या भाषेत सांगायचे तर शेजारच्या दोन तारांत षड्ज-मध्यम भाव आहे. अपवाद एकच : तिसऱ्या आणि दुसऱ्या तारेत षड्ज-गांधार भाव असल्यामुळे तिथे पूल चौथ्या पडद्याशी येतो. गिटारवरचे निम्मे गोंधळ या एका जागी होतात.

बाईंना मी आणखी एक काम दिले. स्वतःचा षड्ज शोधा. गिटारचा नव्हे, सरांचा नव्हे. तुमचा, काळी चारचा. बारा पडद्यांच्या आत तो प्रत्येक तारेवर एकेकदा सापडतो. सहाव्या तारेवर चौथ्या पडद्याला, पाचवीवर अकराव्या, चौथीवर सहाव्या, तिसरीवर पहिल्या, दुसरीवर नवव्या आणि पहिलीवर पुन्हा चौथ्या. यांतला सहाव्या तारेवरचा खालच्या सप्तकातला. पाचव्या, चौथ्या आणि तिसऱ्या तारेवरचे तिन्ही अगदी एकच, मधल्या सप्तकातले. उरलेले दोन वरच्या सप्तकातले, तेही एकमेकांशी एकरूप. वाजवा आणि वाजवताना गळ्याने धरा. गळा हा या कामातला सर्वांत जुना आणि विश्वासू साक्षीदार आहे. पडदा चुकला तर गळा लगेच सांगेल.

जिज्ञासूंसाठी एक आडवळण घेते. गिटारच्या दांडीवर तिसऱ्या, पाचव्या, सातव्या, नवव्या आणि बाराव्या पडद्यापाशी बहुधा ठिपके असतात. सतराव्या शतकातील अहोबल पंडिताने ‘संगीत पारिजात’ या ग्रंथात वीणेच्या तारेवर स्वरांच्या जागा लांबीच्या मापाने सांगून ठेवल्या आहेत. तारेच्या मधोमध वरचा षड्ज. मेरू आणि तो षड्ज यांच्या मध्यावर मध्यम. तारेचे तीन भाग केले की पहिल्या भागाच्या टोकाशी पंचम. हे माप ६५ सेंटिमीटर तारेच्या गिटारला लावून पाहिले. वरचा षड्ज नेमका बाराव्या पडद्यावर येतो. मध्यम पाचव्यापाशी, पंचम सातव्यापाशी, आणि फरक जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. ते ठिपके म्हणजे अहोबलाचे म आणि प. गांधाराचे मात्र बिनसते. तंबोऱ्यातून जो गांधार आपोआप ऐकू येतो त्याची जागा तारेच्या चार-पंचमांशावर. गिटारचा चौथा पडदा त्यापासून सुमारे चार मिलिमीटर सरकलेला, त्यामुळे तिथला गांधार चढा लागतो. सप्तकाचे बारा समान भाग करण्याची ही किंमत. पेटीच्याही माथी हाच दोष आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर ग्रंथ लिहिला तो याच अस्वस्थतेतून. तेव्हा गिटारवरचा गांधार तुमच्या कानाला खटकला तर कान बिघडला असे समजू नका. कान तयार आहे म्हणूनच तो खटकला.

आता सरावाविषयी. दांडीवर स्वरांची नावे लिहिलेल्या चिकटपट्ट्या बाजारात मिळतात. त्या लावू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. वाचता आले की मेंदू आठवण्याचे कष्ट घेत नाही, आणि आठवण्याच्या कष्टानेच आठवण पक्की होते. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरगट स्वतःच पाठ करून, स्वतःच विसरून, १८८५ साली दाखवून दिले की विसरण्याचा वेग सुरुवातीला फार असतो आणि मग मंदावतो. आणि एकाच बैठकीत केलेल्या घोकंपट्टीपेक्षा दिवसांच्या अंतराने केलेली उजळणी अधिक टिकते. रविवारी दोन तास बसण्यापेक्षा रोज दहा मिनिटे बसावे, ती त्यासाठी. पडदा दाबण्यापूर्वी नाव मोठ्याने म्हणावे, मग दाबावे, मग गावे. चुकले तर हसावे. दिवसाकाठी दोन नवी दारे पुरेत, आणि कालची दोन व परवाची दोन आधी ठोठावून मगच नवी. गिटार हातात नसतानाही हे करता येते. करी रोडच्या फलाटावर उभे असताना मनातल्या मनात सहाव्या तारेवर लोअर परळला कोण राहते, एवढे विचारावे. ७८ जागा दोन महिन्यांत होतील की चार, याची घाई कोणाला आहे?

‘वाद्य शिकले की स्मृतिभ्रंश टळतो’ असे निरोप फोनवर फिरत असतात, आणि बाईंच्या मनातही ती आशा असणार, म्हणून त्याविषयी सांगणे भाग आहे. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील ७५ वर्षांवरील ४६९ माणसांची काही वर्षे पाहणी करून २००३ साली एक अहवाल ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. वाचन, बैठे खेळ, वाद्यवादन आणि नृत्य करणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी आढळले. पण अशा पाहणीतून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. ज्यांना आजाराची चाहूल लागलेली असते तेच आधी पेटी बंद करतात आणि पत्ते ठेवून देतात, असेही असू शकते. आणि त्या संशोधकांनाही ही शंका होती. १९९५ साली जर्मनीतल्या एका गटाने तंतुवाद्ये वाजवणाऱ्या नऊ जणांचे मेंदू तपासले; त्यांत एक गिटारवादकही होता. डाव्या हाताच्या बोटांची संवेदना नोंदवणारा मेंदूचा भाग त्यांच्यात इतरांपेक्षा मोठा दिसला, आणि ज्यांनी लहानपणी सुरुवात केली त्यांच्यात अधिक. सरावाने मेंदू घडतो, एवढे यातून खात्रीने घ्यावे. ५७ व्या वर्षी सुरू केलेली गिटार आईचा आजार दाराबाहेर थोपवील, असे वचन कुणी दिले तर ते घेऊ नये. गिटार वाजवावी ती वाजवण्यासाठी.

हातांविषयी थोडेसे. लोखंडी तारांनी बोटांची टोके पहिले काही आठवडे दुखतात, मग कातडी राठ होते. नायलॉनच्या तारांची गिटार मिळाली तर उतारवयात ती बरी. बोट पडद्याच्या पट्टीला लागून, तिच्या किंचित मागे ठेवले की जोर कमी लागतो. मधुमेह असेल तर टोकांवर भेग वा जखम नाही ना हे रोज पाहावे, आणि साखर तपासण्यासाठी सुई टोचायची ती उजव्या हाताला, डाव्या नव्हे. वाकवलेले बोट अडकून झटक्याने उघडणे हा त्रास मधुमेहींत अधिक आढळतो. तो अंगावर काढू नये. रात्री अंगठा आणि शेजारच्या बोटांना मुंग्या येऊन जाग येत असेल तर मनगटातली शीर दाबली जात असण्याचा संभव आहे. गिटार काही दिवस भिंतीला टेकवून ठेवावी आणि डॉक्टरांना दाखवावे.

गेल्या आठवड्यात लालबागहून दुसरे पत्र आले. बाई रुग्णालयात जाऊन आल्या. बरोबर यजमान होते. त्यांना सारे सांगितले तेव्हा ते काही बोलले नाहीत; केसपेपरच्या रांगेत मात्र बाईंना बसवून स्वतः उभे राहिले. डॉक्टरांनी बरेच प्रश्न विचारले, घड्याळाचे चित्र काढायला लावले, रक्त तपासायला सांगितले. स्मरणशक्तीच्या चाचणीत चिंता करण्यासारखे काही निघाले नाही. ब-१२ बरेच कमी निघाले, त्याची इंजेक्शने सुरू आहेत, आणि वर्षभराने पुन्हा येऊन दाखवायचे आहे. आता स्वर ध्यानात राहू लागले आहेत ते इंजेक्शनांमुळे की चर्नी रोड-ग्रँट रोडमुळे, असे त्यांनी विचारले आहे. मला सांगता येणार नाही. दोन्ही चालू ठेवावे.

सहावी तार खार रोडपर्यंत झाली आहे. पाचवीवर दादर सापडले. काळी चार सहाही तारांवर सापडला. पैकी पाचवीवरच्या अकराव्या पडद्याशी पोचायला बोट पुरत नाही, म्हणून त्या तो वगळून म्हणतात. चिकटपट्ट्यांविषयीचे माझे मत सरांना पटलेले नाही. त्यांनी दोन लावून दिल्या होत्या, त्या बाईंनी नखाने काढल्या. दुसऱ्या तारेशी आले की मात्र सगळे कोसळते, अशी तक्रार आहे. तिथे पूल चौथ्या पडद्याशी आहे, हे पहिल्या उत्तरात लिहायचे माझ्याकडूनच राहून गेले होते. आज त्यांना तेवढीच एक ओळ पोस्टकार्डावर धाडली.